झाडाची पूर्व दिशा

देवाची लाकडी मूर्ती घडवायला झाड तोडायचं असेल, तर कुऱ्हाडीच्या पात्याला आधी मध आणि तूप लावावं. ही सूचना वराहमिहिराची. सहाव्या शतकातला हा उज्जैनचा ज्योतिषी. ग्रहणांचं गणित मांडणारा, पावसाचे आडाखे बांधणारा, वारुळं आणि झाडं बघून जमिनीखालच्या पाण्याचा माग काढणारा. त्याच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात ‘वनसंप्रवेश’ नावाचा एक अगदी छोटा अध्याय आहे. मूर्तीसाठी लाकूड आणायला रानात शिरताना माणसानं कसं वागावं, एवढाच त्याचा विषय.

या अध्यायात आधी येतात ती न तोडायची झाडं. स्मशानातलं नको, वाटेवरचं नको, देवळाजवळचं नको, वारुळापाशी उगवलेलं नको. बागेतलं, आश्रमातलं, नद्यांच्या संगमावरचं नको. कुणी घड्यानं पाणी घालून वाढवलं असेल तर तेही नको. वीज पडलेलं, वाऱ्यानं मोडलेलं, वेलींनी आवळलेलं, हत्तीनं रगडलेलं, आपोआप पडलेलं, वाळलेलं, वणव्यात होरपळलेलं नको. आणि ज्यावर मधमाश्यांचं पोळं आहे, ते तर नकोच. मग घ्यायचं कुठलं? ज्याची पानं, फुलं, फळं तुकतुकीत आहेत असं भरल्या अंगाचं, निरोगी झाड.

ग्रंथाच्या दृष्टीनं हा शुभ-अशुभाचा हिशोब आहे. पण यादी पुन्हा वाचली की मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वगळलेल्या बऱ्याच झाडांवर आधीच कुणाचा तरी हक्क आहे. वाटेवरचं झाड वाटसरूंचं, आश्रमातलं तापसांचं, पोळ्याचं झाड माश्यांचं, घड्यानं शिंपलेलं झाड शिंपणाऱ्याचं. हे सगळं वगळून जे उरेल, त्यातूनच देवासाठी मागायचं.

आणि मागायचंच, नुसतं उचलून आणायचं नाही. आदल्या रात्री झाडाची पूजा करायची, नैवेद्य ठेवायचा. अमुक देवाच्या मूर्तीसाठी तुझी योजना केली आहे, असं झाडाला सांगायचं. मग त्या झाडावर जे जीव, जी भूतं राहत असतील त्यांना विनवायचं की हा बळी स्वीकारा, दुसरीकडे बिऱ्हाड हलवा आणि आम्हाला क्षमा करा. सकाळी झाडावर पाणी शिंपडायचं, मध-तूप माखलेल्या कुऱ्हाडीचा पहिला घाव ईशान्येच्या बाजूनं घालायचा आणि तिथून उजवीकडून फिरत, म्हणजे प्रदक्षिणा घालत, उरलेलं तोडायचं. झाड कुठल्या दिशेला पडतं त्यावरूनही फळ पाहायचं.

याच अध्यायात पुढची सूचना येते, आणि ती वाचून मी थबकलो. झाड तोडण्याआधी त्याच्या बुंध्यावर दिशांच्या खुणा करून घ्याव्यात आणि वरची बाजू कोणती, खालची कोणती, तेही नोंदवून ठेवावं. कारण मूर्ती बसवायची ती झाड उभं होतं तशीच. झाडाचा शेंडा वर, मूळ खाली. आणि झाडाची जी बाजू रानात पूर्वेला होती, ती देवळातही पूर्वेलाच.

जरा कल्पना करून पाहा. ज्या बाजूवर त्या झाडानं पन्नास-शंभर वर्षं सकाळचं ऊन झेललं, तीच बाजू मूर्ती झाल्यावरही सकाळच्या उन्हाकडे. झाडाची फांद्या-पानं गेली, साल गेली, पोटातलं पाणी सुकलं, त्यातून डोळे-नाक-हात उमटले. पण उभं राहण्याची दिशा मात्र तीच राहिली. माणूस आणि झाड यांच्यातल्या नात्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं-बोललं जातं, पण कारागिराला पाळता येईल असा इतका साधा, इतका नेमका नियम मी दुसरीकडे वाचलेला नाही.

हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तेरणा नदीकाठचं हे गाव आपल्याला संत गोरोबाकाकांमुळे माहीत असतं. पण गोरा कुंभाराच्याही हजार-बाराशे वर्षं आधी हे ‘तगर’ या नावाचं मोठं शहर होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात, म्हणजे ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं फार मोठं शहर म्हणून त्याचा उल्लेख येतो. तिथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून समुद्रापार. तगर म्हणजेच तेर, हे शिलालेखतज्ज्ञ जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये पुराव्यांसह मांडलं. त्या सुमारास पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स इथली देवळं बघून, मोजून, नोंदवून गेले. पुढे गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू जमवून ठेवल्या आणि त्यातून आज त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. मण्यांपासून मातीच्या मूर्तींपर्यंत तिथं पुष्कळ काही आहे. तेरला सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर इटलीतल्या पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीच्या जवळच्या नात्यातली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे अशा मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून गेल्या होत्या.

पण या संग्रहालयात माझ्या मते सगळ्यात नवलाची वस्तू आहे ती लाकडाची. तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव दारचौकट.

उत्तरेश्वर हे विटांचं देऊळ. तेरच्या अशा जुन्या देवळांचा काळ अभ्यासक साधारण सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराला धरतात. म्हणजे वराहमिहिराचा काळ आणि हा काळ एकमेकांना लागूनच. तेरच्या सुतारानं ‘बृहत्संहिता’ ऐकली होती असं मी म्हणणार नाही. पण ज्या जगात झाडाची परवानगी मागणं रीतीला धरून होतं, त्याच जगात त्याची पटाशी चालत होती.

लाकूड तेराशे-चौदाशे वर्षं टिकतं, हेच आधी नवल. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, कोरडं पडतं आणि आकसतं, दरवर्षी. त्यात वाळवी, भुंगा, बुरशी, चुलीचा जाळ, लढाया. सातवाहनांच्या काळातले वाडे, वेशी, राजवाडे बहुतेक लाकडाचे होते, म्हणून तर आज ते दिसत नाहीत. आपल्याला भारतीय शिल्पकला दगडाची वाटते, कारण दगड मागे उरला. मुळात ती मोठ्या प्रमाणावर सुतारांची कला होती.

याचा पुरावा हवा असेल तर लोणावळ्याजवळ जावं. तिथल्या भाजे लेण्यांतलं चैत्यगृह, म्हणजे डोंगरात कोरलेलं बौद्ध प्रार्थनास्थळ, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. आतले दगडी खांब सरळ उभे नाहीत. ते आतल्या बाजूला किंचित झुकलेले आहेत. डोंगरात कोरलेल्या खांबाला झुकायची गरजच काय? वर छप्पर नाही, अख्खा डोंगर आहे. पण लाकडी इमारतीत कमानदार छपराचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते आत झुकवून रोवतात. कोरणाऱ्यांच्या डोळ्यांत सुतारकाम इतकं मुरलेलं होतं की दगडातही त्यांनी लाकडाची ती सवय सोडली नाही. भाज्याच्या छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या आहेत आणि त्यांतल्या मूळच्या तुळयांवर ब्राह्मी अक्षरं सापडली. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर छताच्या सागवानी फासळ्या आणि स्तूपावरचं कोरीव लाकडी छत्र दोन हजार वर्षं जागच्या जागी आहे. दगडाच्या पोटात, वाऱ्या-पावसापासून दूर राहिल्यामुळे ते वाचलं.

आणि एवढं लांब तरी कशाला? तेरमध्येच त्रिविक्रमाचं देऊळ आहे. मागची बाजू अर्धगोल, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखी, आणि वर पिंपासारखं लांबट गोल छप्पर. हे मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं असं कझिन्स यांनी मांडलं. हा आकार विटेचा नव्हे; बांबू आणि लाकूड वाकवून केलेल्या जुन्या छपराचा हा आकार, विटेत उतरवलेला. तेरच्या जुन्या विटांची आणखी एक ख्याती अशी की त्या पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचा कोंडा मिसळला की भट्टीत तो जळून जातो आणि आत असंख्य पोकळ्या राहतात. शेतातला कोंडा विटेत, रानातला बांबू छपराच्या आकारात, आणि अख्खं झाड दाराच्या चौकटीत. तगर शहर असं आजूबाजूच्या रानाशेतातून उभं राहिलं होतं.

आता पुन्हा चौकटीकडे. लाकडाला दगडासारखं कुठूनही कोरता येत नाही. त्याचे तंतू मुळाकडून शेंड्याकडे उभे धावतात. तंतूंच्या दिशेनं पटाशी चालवली तर ढलपी सरसर निघते. आडवी चालवली तर तंतू तुटतात, जोर जरा जास्त झाला की चिरफळी उडते. दारचौकटीत दोन उभ्या बाजू असतात आणि वर एक आडवी कपाळपट्टी. उभ्या बाजूंवर कोरलेली मूर्ती झाड जसं उभं होतं तशीच उभी असते. तिचे पाय, कमर, मान, सगळं तंतूंच्या दिशेनं धावतं, म्हणून ती सडपातळ आणि उंच करता येते. कपाळपट्टीत मात्र झाड आडवं निजलेलं असतं. तिथं उभी किंवा बसलेली मूर्ती कोरायची म्हणजे प्रत्येक हात, प्रत्येक पाय तंतूंना छेद देत काढायचा. चिमुकली बोटं, पातळ मान, पुढे आलेलं नाक. सगळं तुटायच्या बेतात. म्हणून जुन्या कपाळपट्ट्यांवरच्या आकृती पुष्कळदा पार्श्वभूमीला घट्ट चिकटलेल्या, हात अंगाशी धरलेल्या दिसतात. त्या आकृतींची ठेवण जितकी शिल्पकारानं ठरवली तितकीच झाडानंही ठरवली. पुढच्या वेळी एखाद्या जुन्या दारापुढे उभे राहाल, तेव्हा दोन्ही ठिकाणच्या मूर्ती एकमेकींशी ताडून पाहा. फरक डोळ्यांना कळतो.

लाकूड आकसतानाही सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. जाडीत, गाभ्याकडून सालीकडे, थोडं आकसतं. आणि वर्तुळांच्या कडेकडेनं त्याच्या साधारण दुप्पट. म्हणूनच अख्ख्या ओंडक्याची मूर्ती वाळताना सालीपासून गाभ्याकडे भेगाळते. गाभा वगळून चिरलेली फळी घ्यावी, लाकूड सावलीत मुरू द्यावं, मगच हत्यार लावावं, हे गावोगावचे सुतार पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले. त्यामागचं कारण पेशींच्या भिंतीतलं पाणी आहे, हे विज्ञानानं खूप नंतर सांगितलं. सागाला वाळवी सहसा लागत नाही, त्यामागेही असंच कारण आहे. त्याच्या गाभ्यात तेलं असतात, शिवाय टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं. झाडानं जिवंतपणी स्वतःसाठी भरून ठेवलेलं हे औषध मेल्यावरही शेकडो वर्षं काम करत राहतं, आणि आपल्या मूर्ती, आपल्या तुळया त्याच्या जिवावर टिकतात.

मला सगळ्यात जास्त थक्क करते ती लाकडातली हवा. कोरड्या लाकडाचं साधारण निम्मं वजन कार्बनचं असतं, आणि हा कार्बन झाडानं जमिनीतून घेतलेला नसतो. तो पानांनी हवेतून ओढलेला असतो. म्हणजे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीची लाकडी मूर्ती बव्हंशी त्या काळच्या हवेची आणि पावसाच्या पाण्याची घडलेली आहे. त्या हवेत गावच्या चुलींचा धूर होता, जनावरांचा उच्छ्वास होता, माणसांचा होता. त्यातलं काही झाडात गेलं, झाडातून मूर्तीत आलं आणि तिथंच थांबलं.

थांबलं म्हणून तर मोजता येतं. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अगदी थोडा असतो. लाकडाचं एक वर्तुळ पुरं झालं की त्याची हवेशी देवाणघेवाण संपते आणि त्यातला कार्बन-१४ हळूहळू घटू लागतो. ५,७३० वर्षांत निम्मा होतो. या हिशोबानं चौदाशे वर्षांपूर्वीच्या लाकडात तो आजही सुमारे ८४ टक्के शिल्लक असतो. इथं एक बारकावा आहे. हे मोजमाप कोरण्याचं वर्ष सांगत नाही, ते लाकूड घडल्याचं वर्ष सांगतं. गाभ्याजवळचा तुकडा घेतला तर झाडाच्या बालपणाची तारीख येईल, सालीजवळचा घेतला तर तोडण्याच्या आसपासची. एकाच मूर्तीच्या पाठीचं आणि छातीचं वय शंभर वर्षांनी वेगळं असू शकतं.

साग असेल तर आणखी पुढे जाता येतं. उष्ण कटिबंधातल्या पुष्कळ झाडांत वर्षाची वर्तुळं स्पष्ट उमटत नाहीत, पण साग त्याला अपवाद. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो पानं गाळून थांबतो आणि पावसाबरोबर पुन्हा वाढू लागतो. चांगल्या पावसाच्या वर्षी वर्तुळ बहुधा रुंद, दुष्काळाच्या वर्षी अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले संशोधक जुन्या सागाच्या वर्तुळांवरून, पर्जन्यमापकं येण्याआधीच्या मान्सूनचा अंदाज घेत आले आहेत. आता धाराशिवकडे पाहा. इथल्या माणसाला वर्षं आठवतात ती दुष्काळानं. १९७२ म्हटलं की आजही घराघरांत गोष्टी निघतात. त्याच मुलखातलं एखादं जुनं सागवानी शिल्प बारकाईनं वाचता आलं, तर देवतेच्या अंगावरच्या रेषांत वराहमिहिराच्या काळातले सुकाळ आणि दुष्काळ ओळीनं सापडतील. वराहमिहिर आयुष्यभर पावसाचे ठोकताळे बांधत राहिला. त्याच्या काळातला खरा पाऊस मात्र अशा लाकडांनी लिहून ठेवला असणार. अर्थात मराठवाड्यात दाट जंगल फार थोडं, त्यामुळे मोठं इमारती लाकूड बाहेरून गाड्यांवर आलं असण्याचीही शक्यता आहे. तसं असेल तर त्या वर्तुळांत दूरच्या कुठल्या तरी डोंगराचा पाऊस असेल. तोही वाचण्यासारखाच.

लाकडाची मूर्ती टिकते, पण कायमची नाही. ही गोष्ट काही ठिकाणी माणसांनी पूजेतच सामावून घेतली. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती कडुनिंबाच्या. अधिक आषाढ येतो अशा काही वर्षांत त्या बदलतात. या मूर्तिबदलाला नवकलेवर म्हणतात; तो १९९६ मध्ये आणि त्यानंतर २०१५ मध्ये झाला. गंमत अशी की तिथं झाड शोधताना ते नदीजवळ, स्मशानाजवळ असावं आणि मुळाशी वारूळ असावं, अशी अपेक्षा असते. वराहमिहिरानं जे टाळायला सांगितलं, तेच पुरीला खूण म्हणून हवं. नियम उलटे, पण झाड नीट पारखल्याशिवाय, त्याच्या शेजारपाजाऱ्यांची दखल घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारात पुरल्या जातात आणि त्यांची माती होते.

महाराष्ट्रात लाकडी मूर्तींची परंपरा देवळाबाहेर जास्त जिवंत आहे. पालघरकडचे वारली गावाच्या वेशीवर वाघदेव उभा करतात. लाकडी फळीवर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. वाघबारशीला त्याची पूजा होते. हा वाघ उघड्यावर असतो, पावसात भिजतो, उन्हात तडकतो. मेळघाटात कोरकू आपल्या मृतांसाठी सागवानी मुंडा कोरतात. त्यावर चंद्र-सूर्य, घोडेस्वार. तो जिथं रोवतात तिथं पुन्हा झाडाचीच सावली. आणि आपल्या घराघरांत ठाऊक असलेला मांदाराचा गणपती? पांढऱ्या रुईच्या जुन्या मुळाला आपोआप गणपतीचा आकार येतो अशी श्रद्धा. तिथं तर हत्यारच लागत नाही, नुसती ओळखणारी नजर पुरते. मला हा मूर्तिकलेचा अगदी आरंभबिंदू वाटतो. आधी माणसानं झाडात चेहरा पाहिला. पटाशी नंतर आली.

तेर धाराशिव शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. तुळजापूरला जाणारे लाखो लोक त्या रस्त्याला न वळता परत जातात. एकदा वळा. त्रिविक्रम आणि उत्तरेश्वर पाहा, गोरोबांच्या समाधीवर डोकं टेका आणि संग्रहालयात त्या चौकटीपुढे घाई न करता उभे राहा. तंतू कुठल्या दिशेनं धावतात ते शोधा, भेगा कुठं पडल्या आणि का पडल्या असतील त्याचा विचार करा. मुलं बरोबर असतील तर त्यांना यातला शेंडा कुठला आणि मूळ कुठलं, हे ओळखायला सांगा.

आणि एक विनंती. मराठवाड्यात गावोगाव जुने वाडे उतरवले जात आहेत आणि कोरीव चौकटी, तुळया, खांब भंगाराच्या किंवा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे जात आहेत. तुमच्या घरचा वाडा उतरणार असेल, तर विकण्याआधी गावातल्या एखाद्या जाणत्या सुताराला बोलवा. लाकूड कुठलं, सांधे कसे बसवलेत, ते त्याला विचारा. फोटो काढा, मापं घ्या, दार कुठल्या दिशेला होतं ते लिहून ठेवा आणि जिल्ह्याच्या संग्रहालयाला कळवा. एका दिवसाचं काम आहे.